मंडळाचा शिपाई

"मंडळावर पुन्हा प्रशासक बसवलास तू?"

अण्णा खुटाळ्यांनी चष्मा कपाळावर सारला, परत डोळ्यांवर घेतला आणि माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर बोट टेकवलं. तिथे त्यांचं नाव होतं, दामोदर विठ्ठल खुटाळे, आणि त्यापुढे लिहिलं होतं, प्रशासक.

"अण्णा, तो प्रशासक म्हणजे तुम्हीच. सगळ्यात वरचा माणूस."

"सगळ्यात वर अध्यक्ष असतो. प्रशासक कधी येतो, मला सांग. आपापसात भांडून कारभार बुडवला की येतो."

हे मला सुचायला हवं होतं. कराडात आमच्या समाजाचं वधू-वर सूचक मंडळ आहे, आणि मी लग्न होऊन या गावात यायच्या आधी त्या मंडळात असे काही तट पडले होते की वरून खरोखरीचा प्रशासक आला होता. त्याने पत्रिकांच्या कपाटाला कुलूप लावलं. तेव्हाही अण्णाच अध्यक्ष होते, आणि आपल्याच कपाटातला फोटो बघायला त्यांना अर्ज करावा लागत होता. गावात कुणी 'प्रशासक' म्हटलं की अण्णांचा चहा थंड व्हायचा.

मी छोटं दुकान थाटून कॉम्प्युटरची बारीकसारीक कामं करायची. मंडळाने वेबसाइट काढायचं ठरवलं तेव्हा घरची सून असताना बाहेरचा माणूस कशाला, असं म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. 'सगळं मराठीत पाहिजे' हा मंडळींचा हट्ट. मी हौसेने सगळं मराठीत केलं, आणि तिथेच फसले.

वेबसाइटला दोन बाजू असतात. एक लोकांना दिसते, तिथे मुलामुलींचं नाव, वय, शिक्षण. दुसरी आतली. आतल्या पानांवर फोन नंबर, राहता पत्ता, आधीच्या लग्नाचे कागद, असं सगळं. आत कुणी जायचं आणि कुठपर्यंत जायचं, ते ठरवायला त्या यंत्रणेत तयार पदं असतात. इंग्रजीत ती कुणाला टोचत नाहीत. मराठीत मात्र प्रशासक, संपादक, लेखक, वर्गणीदार अशी नावं पडद्यावर आली आणि बैठकीतल्या प्रत्येकाला आपापला अपमान सापडला.

"मी वर्गणीदार?" चिटणीस बबनराव रासकर म्हणाले. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं त्यांचं मोठं दुकान. माणूस उत्साही, कुणाचंही काम अंगावर घेणारा. "अगं, मी आजीव सभासद आहे. हॉलच्या पायरीवर नाव आहे माझं. वर्गणीदार काय म्हणतीस?"

"काका, ते नुसतं नाव आहे."

"मग मला ते अण्णांचं नाव दे. अण्णांना नकोय म्हणतात ना?"

बाकीची मंडळीही पुढे सरसावली. प्रशासक हा शब्द कुणालाच नको होता, पण प्रशासकाला जे दिसतं ते सगळ्यांना हवं होतं. कार्यकारिणीत कुणी लहान-मोठं नाही, तेव्हा सगळ्यांना सगळं दिसलं पाहिजे, असा ठराव तिथल्या तिथे होऊ घातला.

"सगळ्यांना नाही देता येणार," मी म्हणाले. "आत पोरींचे पत्ते आहेत."

"आपल्याच पोरी आहेत की," बबनराव म्हणाले. "आपल्यापासून काय लपवायचं?"

याचं उत्तर आदल्याच दिवशी माझ्या दुकानात येऊन बसून गेलं होतं, पण ते मला सगळ्यांसमोर सांगता येत नव्हतं.

तिचं नाव उज्ज्वला. माझ्या दुकानाला लागून पिठाची गिरणी आहे. गिरणी चालू असेपर्यंत ती काही बोलली नाही, नुसती पर्स मांडीवर घेऊन बसून राहिली. पट्टा थांबला तसं तिने विचारलं, "ताई, माझा पत्ता कुणाकुणाला दिसणार?"

"कुणालाच नाही. बाहेर फक्त नाव, वय, शिक्षण."

"बाहेरच्यांचं नाही विचारत मी. आतल्यांना?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. "मला दिसणार, आणि तपासायचं म्हणून अण्णांना. बस."

तिचा उजवा हात मनगटापाशी थोडा वाकडा जुळला होता. तो कसा मोडला ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बाकीचं सांगितलं. फारकत झाली तरी नवऱ्याने तिला शोधून काढलं होतं, ती काम करायची त्या कंपनीच्या गेटवर उभं राहून दिवसभर तमाशा केला होता, आणि तिची नोकरी गेली होती. मग दुसऱ्या गावी पुन्हा तेच. आता ती तिसरीकडेच राहत होती. ते त्याला ठाऊक नव्हतं.

"मुलगी शाळेत रमलीय," ती म्हणाली. "पहिल्यांदाच मैत्रिणी झाल्यात तिला. आता परत गाव सोडायची वेळ आली तर ती पोर माझ्याशी बोलायची नाही."

"मग नाव कशाला नोंदवतेस? राहू दे ना."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. "मला लग्न करायचंय," ती म्हणाली. "का करू नये?"

पत्ता न घालता नाव लावता आलं असतं तर मी लावलं असतं. पण तो नियम अण्णांचा. मंडईच्या तोंडाशी त्यांचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान, आणि भांड्यांवर नाव ते स्वतः कोरायचे. नाव, तारीख आणि मु. पो. करून गाव. 'गाव कोरल्याशिवाय मी भांडं देत नाही आणि पत्ता घेतल्याशिवाय स्थळ लावत नाही,' हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. खोट्या स्थळांनी मंडळाचे हात पोळले होते, त्यामुळे त्यांचंही चुकत नव्हतं. आणि तिच्या एकटीचा पत्ता मी कोरा ठेवला असता, तर आमच्या मंडळींना सगळ्यात आधी तोच कोरेपणा दिसला असता.

म्हणून मी बैठकीत हट्टाला पेटले. सगळ्यांना आत जाता येईल, पण पत्त्यांच्या पानावर नाही, असं सांगून टाकलं आणि तसं करूनही टाकलं.

मग फोन सुरू झाले.

"मंजिरी, इथं लिहून येतंय, तुम्हाला या पानावर जाण्याची परवानगी नाही."

"हो काका. ते पान सगळ्यांसाठी नाही."

"पण भाषा काय ही? परवानगी नाही! मी काय चोर आहे? घरात नातवंडं बघतात गं शेजारी बसून."

एकाचा झाला की दुसऱ्याचा. पोळ्या लाटताना फोन, देवळात फोन. एका विश्वस्तांनी तर माझ्या सासऱ्यांना गाठून सांगितलं की तुमच्या सुनेने मला दारातून हाकललं. सासरे जेवताना म्हणाले, "अगं, काय ते जरा गोडीत लिही." मला वरणाचं भांडं आपटावंसं वाटलं. गोडीत लिहायचं म्हणजे काय लिहायचं? नाही हे गोडीत कसं म्हणतात ते मला कुणी शिकवलंच नव्हतं.

तरी लिहिलं. 'नमस्कार. या पानाचं काम चालू आहे. तोवर आपण चहा घ्यावा.' दोन दिवस शांतता मिळाली. मग फोन आला, "चहा घेतला गं, अजून उघडत नाही."

बबनराव मात्र फोनवर भागवणारे नव्हते. ते दुकानातच येऊन बसायला लागले. येताना भेळ आणायचे. ती मला खावी लागायची.

"चिटणीसाला पत्ते दिसत नाहीत, हे जगात कुठं असतंय का? लोक मला विचारतात, मी काय तोंड दाखवू?"

"लोकांना म्हणावं, मंडळात या."

"हे बघ, मी तुझ्या भल्याचं सांगतोय. सांगलीचा एक पोरगा आहे. तो म्हणतो, काका, मी एका दिवसात सगळं खुलं करून देतो. पुढच्या बैठकीत मी विषय मांडणार. मग तुझं काम जाईल, आणि तुझ्या सासऱ्यांना वाईट वाटेल."

त्यात खोटं काही नव्हतं. बैठकीत हात वर झाले असते, सांगलीचा पोरगा आला असता, आणि उज्ज्वलाचा पत्ता संध्याकाळपर्यंत सगळ्या कार्यकारिणीच्या फोनमध्ये गेला असता. मी तिला 'बस' म्हणून सांगितलं होतं. त्या एका शब्दावर ती माझ्या दुकानातून उठून गेली होती. भेळेचा कागद चुरगळून मी बादलीत फेकला आणि इतकी चिडले की रडायलाच आलं. ज्यांच्या हॉलमध्ये माझं लग्न लागलं त्या माणसांशी मी कुलुपासाठी भांडत होते, आणि कुलूप कशासाठी ते मला सांगायची सोय नव्हती.

बैठकीच्या दिवशी मी नवीन पदं घेऊन गेले. ती यंत्रणा पदांची नावं हवी तशी बदलू देते, नवी पदंही करू देते. मी अध्यक्ष केला, चिटणीस केला, विश्वस्त, सल्लागार, मार्गदर्शक केले. प्रत्येक जण आपलं नाव घालून आत शिरला की समोर त्याचाच फेटा बांधलेला फोटो, खाली 'सुस्वागतम', आणि मंडळाने आजवर जमवलेल्या लग्नांचे फोटो. पत्ते तपासायचे म्हणून अण्णांच्या पदाला तेवढं एक पान जास्त. बाकी कुणाला पत्ता दिसत नव्हता, आणि फोटोच्या नादात कुणी शोधतही नव्हतं.

बबनराव स्वतःचा फेट्यातला फोटो बराच वेळ बघत राहिले. "हे बरं केलंस," ते म्हणाले.

"आता एकच पद उरलंय," मी म्हणाले. "शिपाई. ते कुणाला देऊ?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग कुणीतरी हसलं, आणि सगळेच हसले.

"तुझंच नाव टाक की," बबनराव म्हणाले. "मंडळ म्हटलं की शिपाई पाहिजेच. दारं उघडायची, दारं लावायची."

"हो काका. दारं उघडायची, लावायची."

मी सगळ्यांदेखत माझं नाव टाकलं. जे पद आधी प्रशासक होतं, ज्याला सगळं दिसतं आणि सगळं बदलता येतं, त्याच्यापुढे आता शिपाई लिहिलेलं होतं. सांगलीच्या पोराचा विषय निघालाच नाही. मी घरी येताना मंडईतून मोगऱ्याचा गजरा घेतला. मला वाटलं, सुटले.

त्याच आठवड्यात अण्णांचा निरोप आला, लॅपटॉप घेऊन दुकानात ये.

अण्णा गादीवर बसून एका घंगाळावर नाव कोरत होते. कोरायचं यंत्र बंद करून त्यांनी मला समोरच्या स्टुलावर बसवलं.

"माझं ते जास्तीचं पान काढून घे."

"कुठलं?"

"पत्त्यांचं."

आता माझं डोकं फिरलं. "अण्णा, सगळं मंडळ माझ्याशी त्या पानासाठी भांडलं. तुम्हाला दिलं, तर तुम्हाला नको? मग तपासणार कोण?"

"तू तपास. शिपायाचंच काम आहे ते."

"पण का?"

"काढ म्हणतो ना. आधी काढ, मग बोल."

मी काढलं. रागाने बटणं बडवत काढलं. त्यांनी आपला फोन पुढे केला, त्यात ते पान उघडून बघितलं, आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. "चहा घ्या म्हणतंय. हे नको. ते पहिलं होतं ते घाल."

मी ते घातलं. अण्णांनी पुन्हा पान उघडलं आणि शाळेतल्या मुलासारखं मोठ्याने वाचलं, "तुम्हाला या पानावर जाण्याची परवानगी नाही." मग फोन गादीवर ठेवून ते म्हणाले, "आता बरोबर."

मी आणखी काही विचारणार तेवढ्यात बबनराव आले. मला बघून जरा थबकले, पण अण्णांनी बसायला सांगितलं तसे पायरीवर बसले.

"अण्णा, काल बोललो त्याचं काय? बघून सांगतो म्हणाला होतात."

"कशाचं?"

"आता कशाचं काय. उज्ज्वलाचं. वेबसाइटवर नाव लागलंय तिचं. पत्ता तुमच्याकडं असणारच." ते माझ्याकडे वळले. "माझा भाचा आहे गं तो. बहिणीचा पोरगा. तापट आहे, मी नाही म्हणत नाही. पण पोरीचा बाप आहे. लेकीला लांबून बघून येतो म्हणतो. रडतो पोरगा माझ्यापुढे बसून. माझ्यानं बघवत नाही."

त्यांच्या भेळेचे सगळे घास मला एकदम आठवले. एवढे दिवस ते माझ्यासमोर बसून मानाच्या गोष्टी करत होते आणि मी त्यांना नुसता हौशी माणूस समजत होते. ते वाईट नव्हतेच, हे त्यातलं सगळ्यात अवघड. त्यांना खरोखर वाटत होतं की ते पुण्याचं काम करतायत.

अण्णांनी फोन उचलला, पान उघडलं आणि बबनरावांच्या हातात दिला.

बबनरावांनी वाचलं. "हे काय? तुम्ही अध्यक्ष."

"आहे की."

"मग तुम्हालाच परवानगी नाही?"

"नाही. बघ, लिहिलंय."

"मग आहे कुणाला?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, आणि बबनरावांनीही बघितलं.

"हिला?" त्यांना ते पटायला वेळ लागला. मग ते हसले. "बरं झालं, इथंच आहेस. सांग पोरी. गाव सांगितलंस तरी पुरे."

मी उभी राहिले. "काका," मी म्हणाले, "तुम्हाला त्या पानावर जाण्याची परवानगी नाही."

"काय म्हणालीस?"

मी तेच वाक्य पुन्हा म्हणाले. त्यात नमस्कार घातला नाही आणि चहाही घातला नाही.

बबनरावांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "बघितलंत अण्णा? कालची सून. तुला याच समाजात राहायचंय ना? उद्या तुझी पोरं लग्नाची होतील, तेव्हा..."

"बबन," अण्णा म्हणाले. "मंडळाची शिपाई आहे ती. शिपायाशी काय वाद घालतोस? तू चिटणीस आहेस."

बबनराव उठले, चपला शोधायला लागले. पायरी उतरताना एवढंच म्हणाले, "आक्काला काय सांगू मी?" आणि गेले.

त्यांनी पायरीवर ठेवलेला फोन मी उचलून अण्णांना दिला.

"आक्का म्हणजे त्याची बहीण," अण्णा म्हणाले. "लहानपणापासून मला राखी बांधते. काल तीही आली होती, इथंच बसली होती, तू बसलीस तिथं. पदर पसरला तिने माझ्यापुढं. मला त्या पोराचे गुण माहीत आहेत. त्या पोरीचा हात मोडला तेव्हा दवाखान्यात मी गेलो होतो. पण आक्काला मला 'नाही' म्हणवलं नाही. बघून सांगतो म्हणालो. ती गेल्यावर फोन हातात घेतला. बोट त्या पानापर्यंत गेलं."

"उघडलंत?"

"नाही. उघडलं असतं तर आज सांगून बसलो असतो. मला खोटं बोलता येत नाही आणि माणसाला तोंडावर नाही म्हणता येत नाही. आता काय करू, या वयात कुठं शिकू? म्हटलं, आपल्याला दिसायलाच नको." त्यांनी घंगाळ पुढे ओढलं. "तुला भीड म्हणून नाही. तुझ्या सासऱ्यांपाशी मी तक्रार केली होती त्याची."

"मग आता?"

"आता काय. राहा शिपाई." त्यांनी कोरायचं यंत्र सुरू केलं आणि लगेच बंद केलं. "ती लहान पोर शाळेत जाते का गं? कुठल्या..." आणि माझं तोंड उघडायच्या आत हात वर केला. "नको. सांगू नकोस."

बबनराव पुढे वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. मी शिपाई राहिले. सांगलीच्या पोराचं नाव मधूनमधून निघायचं, पण शिपायाची जागा कुणाला हवी आहे का विचारलं की विषय मागे पडायचा.

उज्ज्वलाचं लग्न पुढच्या माघात जमलं. माणूस आमच्याच मंडळातून मिळाला, बिजवर, शांत. मंडळाने जमवलेल्या प्रत्येक लग्नाला अण्णा आपल्या हाताने नाव कोरलेली पितळेची कळशी देत. ही कळशी कोण नेऊन देणार, असा प्रश्नच नव्हता. मी दुकानात गेले तेव्हा ती कागदात बांधून तयार होती, पण अण्णा ती माझ्या हातात देईनात. शेवटी कागद सोडून त्यांनी ती माझ्यापुढे धरली.

मंडळाचं नाव होतं. तिचं आणि नवऱ्याचं नाव होतं. तारीख होती. त्याखाली कोरलं होतं, मु. पो. आणि त्यापुढे नुसतं चकचकीत पितळ.

"सवयीने हात गेला," अण्णा म्हणाले. "मग थांबवला. वाईट दिसतंय का?"

"नाही अण्णा. चांगलं दिसतंय."

मी कळशी पिशवीत घातली आणि स्टँडवर जाऊन बस पकडली. कुठल्या गावची, ते मी इथेही लिहीत नाही.